ख्रिस्ती घरात वाढलो, पण बायबल आणि चर्चबद्दल शंका येतात. हे पाप आहे का?

नाही. मीही यातून गेलोय. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत गळफास घेतो, तर बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तो पालथा पडून पोट फुटून मरतो. दोन्ही एकापाठोपाठ वाचले, त्या रात्री झोप लागली नाही. चर्चमध्ये विचारलं तर ‘विश्वास कमी पडतोय, प्रार्थना कर’ एवढंच ऐकायला मिळालं. ते अजून सलतं.

मला आधार वाटला तो पंडिता रमाबाईंचा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावरून त्यांनी आपल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. आणि याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं! शंका घेणारीने केवढं प्रेम केलं त्या ग्रंथावर. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीसुद्धा १९१७ मध्ये मिशन सोडलं, ख्रिस्ताला नाही.

म्हणून शंका दाबू नका, घरातल्या एखाद्या समजूतदार माणसाशी बोला. मी हल्ली दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जात नाही. येशूचं डोंगरावरचं प्रवचन मात्र आजही वाचतो, आणि दर वेळी गलबलून येतं.