कृषी सल्ला : घराजवळ स्थानिक सूचिपर्णी झाड लावताना

प्रश्न : घराजवळ स्थानिक, सदाहरित सूचिपर्णी (पाइन, देवदार यांसारखे शंकूधारी) झाड लावायचे आहे. कोणते निवडावे, किती अंतर ठेवावे? आधीच्या झाडाची आतली पाने पिवळी पडून गळतात, कोणते औषध फवारावे?

उत्तर : औषधाची घाई नको. फांदी हातात धरून बघा. पिवळी पाने खोडाच्या बाजूला आणि शेंडे हिरवेगार असतील, तर ही नेहमीची पानगळ आहे. सदाहरित झाडही जुनी पाने टाकतेच. पाइनच्या बऱ्याच जातींची पाने दोन-तीन वर्षांत गळतात. शेंड्याकडून आत तपकिरी होत येत असेल, तर मात्र मुळाशी माती उकरून बघा : पाणी साचले आहे की ताण बसला आहे? मग फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर हलणारे बारीक ठिपके दिसले तर कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आहे. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुऊन काढा.

निवडीचे म्हणाल तर, स्थानिक म्हणजे तुमच्याच उंचीवर, तुमच्याच हवामानात आपोआप वाढणारे. देवदार भारतीय खरा, पण त्याचे घर पश्चिम हिमालयात, साधारण १५०० ते ३००० मीटरवर. सखल, उष्ण भागात तो परकाच. मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची. सुरूचे झाड तर सूचिपर्णी नाहीच, ते सपुष्प (फुले येणारे) झाड आहे.

अंतराच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. रोप गुडघ्याएवढे दिसते म्हणून भिंतीला खेटून लावतात. देवदार ४० मीटरच्याही वर जातो! पूर्ण वाढलेल्या झाडाच्या फांद्यांचा पसारा किती, ते आधी विचारा आणि भिंतीपासून निदान त्याच्या निम्म्याहून जास्त अंतर सोडा. 'नंतर छाटू' हा हिशेब इथे चालत नाही. पाइन, देवदार यांची फांदी पाने नसलेल्या जुन्या लाकडात कापली की तिथे सहसा पुन्हा फुटवा येत नाही. शेंडा तर मुळीच मारू नका.

खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद घ्या. पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करा. खोड जिथे मुळांकडे रुंदावते तो भाग मातीत गाडू नका. पाण्याचा निचरा होत नसेल तर उंचवट्यावर लावा. गळलेली पाने जाळू नका, आच्छादनाला उत्तम. त्यांनी जमीन आंबट होते ही भीती नको. फक्त खोडापासून वीतभर लांब पसरा.