कानस नंतर, आधी तारीख

प्रश्न (सोलापूर): गड्ड्याच्या जत्रेत शिवराईच्या (शिवकालीन नाण्याच्या) तांब्याच्या प्रतिकृती घेतल्या. कडेवरचा 'प्रतिकृती' शिक्का कानसून काढला, नाणी काळवंडवली आणि व्हॉट्सॲपवर 'अस्सल शिवकालीन' लिहून पुण्याच्या एका संग्राहकाला विकली. त्याने पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. नोटीस 3 मे रोजी मिळाली. तो फोनवर 'मिटवू' म्हणत होता, म्हणून थांबलो. प्रतिकृती विकणं गुन्हा आहे का?

उत्तर: हाच प्रश्न सगळे विचारतात. प्रतिकृती विका, कोण अडवतंय! शिक्का घासून 'अस्सल शिवकालीन' असं व्हॉट्सॲपवर लिहिलंत, तिथे मामला फिरला.

पण तुमचं प्रकरण त्यावर अडलेलं नाही, ते तारखेवर अडलंय. ग्राहक आयोगात कैफियत, म्हणजे तक्रारीला लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस असतात. आयोगाला पटलं तर आणखी 15, त्यापुढे एकही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्येच हे पक्कं केलंय. म्हणजे तुमचे 30 दिवस 2 जूनला संपले, शेवटची मुदत 17 जून. 'तो मिटवू म्हणाला' हे कारण आयोग ऐकेल की नाही, सांगवत नाही. पाकीट फोडून बघा: नोटिशीबरोबर तक्रारीची प्रत होती का? नसेल तर दिवस प्रत मिळाल्यापासून मोजतात. त्या आशेवर मात्र बसू नका. विलंब माफीचा अर्ज आणि कैफियत एकदमच दाखल करा. ती राहिली तर तुमची बाजू कागदावर येणारच नाही. तक्रारदाराला स्वतःच्या गावी तक्रार करता येते, तेव्हा 'सोलापूरला चालवा' असा हट्ट धरू नका आणि पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडा.

तडजोड करायचीच तर पैसे परत देऊन दोघांच्या सह्यांची पुरसीस (लेखी निवेदन) आयोगात द्या. फोनवरच्या शब्दाला तिथे किंमत नाही.

पोलिसांत फसवणुकीची फिर्याद होईल का? होऊ शकते. विक्री 1 जुलै 2024 ची किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318, शिक्षा 7 वर्षांपर्यंत, पुढचं पुराव्यावर. नाणी शंभर वर्षांची नाहीत म्हणून 1972 चा पुरावशेष कायदा बहुधा लागणार नाही. त्यात सुटल्याचं समाधान मानू नका.

धातूची तपासणी लागली तर निकाल 5 महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव वेगळा आहे. आयोगाची ढिलाई तुमच्या 45 दिवसांना लागू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि उरलेल्या प्रतिकृतींना कानस लावू नका.