हे बंद कधी होणार?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा उठलो, कारण दोन्ही वेळा तुला सोडून मी स्वतःलाच समजावत होतो. आताही तसं होईल, चालवून घे.

तुझ्या टीममध्ये म्हणे सगळे सांगतात की टेलिकॉम कंपनीनं आता नुसता 'पाइप', म्हणजे डेटा वाहून नेणारी नळी, राहून भागणार नाही, शहराला प्लॅटफॉर्म विकायचा, सगळी माहिती एका पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड विकायचा. आणि तू मात्र पाण्याच्या मीटरांच्या निविदेत कनेक्टिव्हिटीचे रकाने भरत बसली आहेस, म्हणून तुला वाटतं आपण मागे पडलो. मग शेवटी, जाता जाता लिहावं तसं, दोन ओळी: निविदेत मीटरचं आयुष्य १५ वर्षं मागितलंय, पण तो ज्या नेटवर्कवर चालणार ते कंपनीच्या आराखड्यात तितकी वर्षं दिसत नाही. मॅनेजरना विचारलंस तर म्हणाले, "तो आपला प्रश्न नाही."

अगं, पत्र तिथून सुरू करायचं होतंस! तुझा खरा गोंधळ तो आहे, आणि तो गोंधळ नाहीच. तुला दिसतंय ते बरोबर दिसतंय.

शहरात कुठलीही वस्तू बसवायच्या आधी टेलिकॉमवाल्यानं एकच प्रश्न विचारायचा असतो: हे बंद कधी होणार? आणि बंद झालं की शिडी घेऊन कोण चढणार? वेग, कव्हरेज, दर हे प्रश्न बाकीचे विचारतातच. हा प्रश्न आपणच विचारायचा, कारण त्याचं उत्तर फक्त आपल्याकडे असतं.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण तुझ्या मॅनेजरना दाखव. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या बस-ट्रामच्या थांब्यांवर 'पुढची गाडी किती मिनिटांत' हे सांगणारी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर आंधळी झाली. गाड्या धावत होत्या, पण गाडीतला मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, टूजीचा आणि एटी अँड टी या मोबाइल कंपनीनं टूजी बंद केलेलं. कंपनीनं ही तारीख २०१२ मध्येच जाहीर केली होती. एवढा अवधी मिळूनही शहर गाफील राहिलं, कारण तारीख माहीत असणारे लोक आणि मोडेम बदलणारे लोक एका टेबलावर कधी बसलेच नसावेत. आता तुझ्या निविदेत त्या टेबलावर तू बसली आहेस.

कंपन्या जुनी नेटवर्कं बंद करतात ती दुष्टपणानं नव्हे. स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, मोजका. त्याच पट्ट्यात नवं तंत्रज्ञान कितीतरी जास्त डेटा वाहून नेतं, जुन्या उपकरणांचे सुटे भाग मिळेनासे होतात, वीज खाते ती वेगळीच. आणि मीटर दिवसाला शे-दोनशे बाइट पाठवणार. त्याच्यासाठी अख्खा पट्टा कोण अडवून ठेवेल? हे सगळं मला मान्य आहे, मी स्वतः असे निर्णय घेणाऱ्या बैठकांत मान हलवलेली आहे. माझं भांडण बंद करण्याशी नाही, न सांगण्याशी आहे.

आता माझं सांगतो. एका शहरानं रस्त्यावरच्या दिव्यांचे कंट्रोलर मागवले होते. खांबावर बसणारी राखाडी डबी, आत टूजी मोडेम, सिम बोर्डावरच डाग दिलेलं. निविदेत लिहिलं होतं १० वर्षं. आमच्याकडे अंतर्गत मेल फिरत होता की हा पट्टा मोकळा करायचाय. प्रस्तावात 'नेटवर्कची उपलब्धता' असा रकाना होता, त्यात काय लिहायचं हे माझ्यावर आलं. मी लिहिलं: "सेवा उपलब्ध असेपर्यंत."

तीनच शब्दांचा कच्चा दोर होता तो. खोटं एक अक्षर नाही. वकिलांना आवडलं, सेल्सला आवडलं, शहराच्या माणसानं वाचलंच नसावं. सहा वर्षांनी टूजी गेलं. डबीला हुकूम मिळेनासा झाला की दिवा लावून ठेवायचा, अशी तिची रचना होती, आणि ती योग्यच आहे, अंधारापेक्षा उजेड बरा. त्यामुळे भर दुपारी बारा वाजता रांगेनं दिवे जळताना पाहिलेत मी. शहराच्या विद्युत विभागातला एक वायरमन खांबावरून उतरून माझ्या हातात डबी देत म्हणाला, "साहेब, हिला काहीच झालेलं नाही. रबराचं सीलसुद्धा नवं आहे." ती डबी अजून माझ्या खणात आहे.

मी करारावर सही केलेली नव्हती हे लक्षात घे. सही वरच्याची. मी फक्त एक वाक्य लिहिलं, आणि मी लिहिलं नसतं तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा स्वतःला ऐकवलंय की आता लिहितानाही हात अडखळत नाही. असो.

त्यानंतर मात्र मी हट्टाला पेटलो. प्रत्येक प्रस्तावात एक रकाना वाढवायला लावला: 'या तारखेपर्यंत हे नेटवर्क चालवू, पुढचा बदल अमुक खर्चात, अमुक जण करतील.' दोन निविदा त्यापायी हातच्या गेल्या. ऑफिसात मला 'एक्स्पायरी साहेब' म्हणायचे. एकदा हवेच्या प्रदूषणाच्या सेन्सरांचा अगदी लहानसा, वर्षभराचा प्रयोग मी याच रकान्यावरून अडवून धरला. तो अडवायला नको होता. प्रयोग मरायलाच जन्माला येतो, त्याला कसली मरणतारीख विचारायची! पण तेव्हा कोणी समजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

"हे सगळं टूजीचं झालं, आता एनबी-आयओटी आहे, थोडा थोडा डेटा पाठवणाऱ्या यंत्रांचं मोबाइल तंत्रज्ञान, ते खास मीटरांसाठीच बनवलंय," असं तुला सांगतील. बनवलंय खरं. २०१६ मध्ये त्याचं मानक ठरलं. पण जपानमध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीनं एनबी-आयओटी एप्रिल २०१९ मध्ये सुरू केलं आणि मार्च २०२० अखेर बंद केलं. वर्षभरात! फ्रान्सच्या सिगफॉक्सचं तर स्वतःचं वेगळं जाळं होतं, अनेक देशांत पसरलेलं. कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली आणि एप्रिलमध्ये दुसऱ्यांनी विकत घेतली. तंत्रज्ञान नवं आहे म्हणून ते जास्त जगेल, हा हिशोब कोणी शिकवला तुम्हाला?

उलटंही घडतं. जर्मनीत २०२१ मध्ये थ्रीजी आधी बंद झालं आणि त्याहून म्हातारं टूजी मागे राहिलं. जुने फोन होते, आणि मोटारींमधली आपत्कालीन कॉलची सोय, मीटर, लिफ्ट, अलार्म असं मुकं जग त्याच्यावर टांगलेलं होतं. ब्रिटनमधल्या कंपन्यांनी तर सांगूनच टाकलंय की २०३३ नंतर टूजी-थ्रीजी चालवणार नाही. बघ, तारीख सांगता येते. सांगितली म्हणून कोणाचं दुकान बंद पडलं नाही.

तुझ्या मीटरांबद्दल आणखी एक, हे मला खड्ड्यात वाकून कळलंय. बॅटरी १० वर्षं चालेल हा आकडा तक्त्यातला आहे, सिग्नल बरा असताना आणि मीटर क्वचित बोलत असतानाचा. खरा मीटर जमिनीखाली, लोखंडी झाकणाखाली, बरेचदा पाण्यात. सिग्नल पोचत नाही म्हणून एनबी-आयओटीमध्ये तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायची सोय आहे, मीटरकडून टॉवरकडे १२८ वेळांपर्यंत. म्हणजे निरोप पोचतो, तक्त्यात 'कव्हरेज आहे' असं हिरवं दिसतं, आणि बॅटरी तिकडे गुपचूप रिकामी होत असते. तेव्हा 'बंद कधी होणार' हे नेटवर्कलाच विचारून थांबू नकोस, प्रत्येक खड्ड्याला विचार. झाकण बंद करून सिग्नल मोजायला लाव. उघडं ठेवून मोजतात, मला माहीत आहे, मीही मोजलाय.

आणि ई-सिमच्या, म्हणजे आत कायमच्या बसवलेल्या सिमच्या, भरवशावर राहू नकोस. त्यानं कंपनी दुरून बदलता येते, रेडिओ बदलत नाही. टूजीची चिप ई-सिमनं फोरजी होत नसते. मोड्यूल, म्हणजे रेडिओचा भाग, मीटरमधून वेगळं काढता आलं पाहिजे, कनेक्टरवर असलं पाहिजे. मग १५ वर्षांत एकदा मोड्यूल बदलायचं म्हटलं तर मीटर खणून काढावा लागत नाही. एवढी एक अट निविदेत घालून घेतलीस तरी तुझ्या अख्ख्या टीमच्या डॅशबोर्डांपेक्षा मोठं काम होईल.

डॅशबोर्डचा मला राग आहे असं तुला वाटेल. थोडा आहे. पण स्टॉकहोमनं १९९४ मध्ये शहराच्या मालकीची एक कंपनी काढली, तिचं काम काय, तर जमिनीखाली फायबर, म्हणजे काचेची तार, टाकायचं आणि ते न पेटवता, म्हणजे त्यातून स्वतः संदेश न पाठवता, सगळ्या टेलिकॉम कंपन्यांना सारख्या अटींवर भाड्यानं द्यायचं. वर चालणाऱ्या मोबाइलच्या पिढ्यांवर पिढ्या बदलल्या, खालची काच तीच. त्या काचेला 'नुसता पाइप' म्हणायचं तर खुशाल म्हणा.

डेटा कोणाचा, कॅमेऱ्यात कोण बघतं, हा तुझा दुसरा प्रश्न मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. इतकंच सांगतो की तिथेही माझाच प्रश्न आडवा येतो. सॅन डिएगोत दिव्यांच्या खांबांवर वाहतूक मोजायला म्हणून सेन्सर आणि कॅमेरे बसवले. ते चित्रण पोलीस वापरू लागले, लोक भडकले, २०२० मध्ये महापौरांनी बंद करायला सांगितलं. तर कळलं की दिव्याची आणि कॅमेऱ्याची वीज एकच, कॅमेरा बंद करायचा तर दिवाही विझणार. बंद कसं करायचं, हे बसवताना कोणीच विचारलं नव्हतं.

तू नोकरी सोडू का म्हणून विचारलंस. कशाला? मॅनेजरना लेखी विचार, एका ओळीत: या नेटवर्कची किमान तारीख कोणती लिहू? रिकामा रकाना घेऊन त्यांच्यासमोर बस. ते चिडतील. चिडू देत. उत्तर लेखी मागितलं की माणसं आराखडा पुन्हा उघडून बघतात. नाहीच दिलं तर रकाना रिकामा ठेव आणि तो रिकामा का आहे ते शेजारी लिही. "सेवा उपलब्ध असेपर्यंत" हे मात्र लिहू नकोस. ते एकदा लिहून झालंय.

मीटरचा नमुना तुमच्याकडे आलाच असेल. मोड्यूल सुटं आहे की रेझिन ओतून बंद केलंय, ते पाहून फोटो पाठव. झाकण काढून घे फोटो, वरून नको.