नाव नको, कागद बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, त्यातली तळमळही पोहोचली. पण शेवटच्या ओळीतला प्रश्न वाचून मात्र मी थोडी चिडलेच. एकीकडे मुंबईतल्या कुठल्याशा प्रशिक्षण संस्थेची ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ची ऑनलाइन इंटर्नशिप, जिचे शुल्क तूच भरायचेस आणि जिच्या शेवटी एक सुबक प्रमाणपत्र घरी यायचे. दुसरीकडे बेळगावात एका चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत सहा महिने पतसंस्थांच्या आणि उद्यमबागेतल्या लहान कारखान्यांच्या लेखापरीक्षणाचे काम, ज्याच्या मानधनातून निपाणी-बेळगाव बसभाडे आणि दुपारचे जेवण भागले तरी पुष्कळ. आणि तुझा प्रश्न काय, तर बायोडेटावर कोणते नाव उठून दिसेल! तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे मी इथे लिहीत बसणार नाही; ते तुलाही ठाऊक आहे आणि तुझ्या आईलाही. तुला विचारायला हवे होते ते एवढेच, की कोणत्या ठिकाणी मूळ कागद माझ्या हातात पडेल.

मूळ कागद म्हणजे काय, हे नीट सांगते, कारण पुढचे सारे त्यावरच आहे. व्हाउचर, खतावणी, बँकेचे विवरणपत्र, गहाणखत, मालसाठ्याचे मासिक पत्रक, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि ताळेबंदाखाली बारीक अक्षरांत छापलेल्या टिपा, हे मूळ कागद. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारे गुणोत्तर, दलाली पेढीचा अहवाल, कंपनीच्या व्यवस्थापनाने केलेले रंगीत सादरीकरण आणि कोणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून दिलेला सल्ला, हे सगळे त्या कागदाचे दुसऱ्याने केलेले वाचन आहे. ते बरोबर असेलही. पण ते बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मूळ कागद वाचलेल्यालाच असतो, आणि गुंतवणुकीच्या क्षेत्रात पगार मिळतो तो या ठरवण्याचा.

उदाहरण तुझ्या घरचेच घेऊ. तुझ्या वडिलांचा ऊस कारखान्याला जातो, तेव्हा साखरेचा हंगाम कसा चालतो हे तुला कोणी शिकवायला नको. शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या साखर कंपनीचा 31 मार्चचा ताळेबंद घे. गाळप नुकतेच संपलेले किंवा संपत आलेले असते, गोदामे भरलेली असतात आणि त्या साखरेच्या तारणावर बँकेचे खेळत्या भांडवलाचे कर्ज पुष्कळ चढलेले असते. त्याच कंपनीचा 30 सप्टेंबरचा ताळेबंद पाहिलास तर साखर बरीचशी विकली गेलेली, कर्ज उतरलेले. अ‍ॅप यांपैकी एक आकडा दाखवील आणि कंपनी कर्जबाजारी आहे किंवा सुदृढ आहे असे सांगून मोकळे होईल. याच्याही खालची गोष्ट आता बघ. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याचे बिल 14 दिवसांत द्यायचे असते आणि उशीर झाला तर त्यावर वर्षाला 15 टक्के व्याज लागते. पण थकलेले ऊसबिल ताळेबंदात ‘व्यापारी देणी’ या सदरात बसते, कर्जाच्या सदरात बसत नाही. म्हणजे ज्या कारखान्याने बँकेचे कर्ज काढून शेतकऱ्यांची बिले वेळेवर चुकती केली तो कागदावर अधिक कर्जाचा दिसतो, आणि ज्याने तुझ्या वडिलांसारख्यांना तिष्ठत ठेवले तो कमी कर्जाचा. हे कळायला परदेशी पदवी लागत नाही. देण्यांची टीप उघडून वाचावी लागते, आणि निपाणी भागातल्या मुलाला ती वाचताना जे दिसेल ते मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत वाढलेल्या मुलाला बहुधा दिसणार नाही.

म्हणून मला ती बेळगावची कचेरी मोलाची वाटते. पतसंस्थेच्या लेखापरीक्षणाला कमी लेखू नकोस. कर्जाची फाईल उघडलीस की तारण दिलेल्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, जामीनदाराचे म्हणणे मराठीत आणि मूल्यांकनाचा दाखला इंग्रजीत, असे तीन कागद तुला एकमेकांशी ताडून पाहावे लागतील. हप्ता खरोखर भरला गेला की जुने कर्ज फेडण्यासाठी त्याच माणसाला त्याच दिवशी नवे कर्ज दिले गेले, हे खतावणीवर बोट ठेवून शोधावे लागेल. थकबाकी अशीच लपवली जाते. मोठ्या बँकांतही युक्ती हीच असते, फक्त रकमांना शून्ये जास्त असतात. आपल्या भागातले किती तरी ठेवीदार असे समजतात की 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा सगळीकडेच लागू आहे. तो 2020 पासून 5 लाखांचा झाला खरा, पण तो बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. हे आपल्या गल्लीतल्या चार वयस्कर माणसांना सांगितलेस तरी इंटर्नशिपचे सार्थक झाले असे मी म्हणेन. असो, विषय तुझ्या करिअरचा आहे.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या हिशेबातूनही हेच शिकशील. विक्री वाढलेली, नफा दिसतो आहे आणि मालक मात्र पगाराच्या तारखेला बँकेत हेलपाटे घालतो आहे, असे का, हे येण्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांकडे अडकलेल्या रकमांची, यादी वयवार मांडून पाहिल्याशिवाय उमगत नाही. रोख प्रवाहाचे पत्रक तू परीक्षेपुरते पाठ केले असशील. तिथे ते तुझ्यासमोर खुर्चीवर बसलेले असेल.

माझ्याविषयी तू विचारले नाहीस, तरी सांगते, कारण माझ्या हट्टाचे मूळ तिथे आहे. बेळगावात बी.कॉम. झाले तेव्हा आम्हाला ताळेबंद जुळवायला शिकवले होते. तो वाचायचा कसा हे कोणी शिकवले नाही, आणि ज्या वयात हे कागद तुझ्याकडे चालून आले आहेत त्या वयात ते मला कोणी हातात दिले नाहीत, ही खंत अजून जात नाही. पुढे मुंबईला एका दलाली पेढीच्या संशोधन विभागात लागले. एका कंपनीवरचा अहवाल माझ्या नावाने काढायचा ठरला, तोही व्यवस्थापनाच्या सादरीकरणावरून. संबंधित पक्षांबरोबरच्या व्यवहारांची टीप मागितली, तर ती मागाहून येईल असे उत्तर मिळाले. मी सही केली नाही. अहवाल दुसऱ्याच्या नावाने निघाला, बढतीही त्यालाच मिळाली आणि तो शेअर, हेही सांगून टाकते, पुढे चांगला वाढला. माझे म्हणणे खरे ठरल्याची गोष्ट तुला ऐकायची असेल तर ती माझ्याकडे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की शेअर वाढला म्हणून न वाचलेला कागद वाचल्यासारखा होत नाही. नंतर मी बेळगावला परत आले आणि टिळकवाडीत काही जण अजून म्हणतात की हिला मुंबई जमली नाही. म्हणोत बापडे. मुंबई मला पुरेशी जमली होती. न पाहिलेल्या कागदाखाली नाव घालणे जमले नाही, आणि आज कोणी पुन्हा तसेच विचारले तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

तुझ्या पिढीला हा हट्ट जुनाट वाटेल, म्हणून एक जुनीच गोष्ट सांगते. 1964 साली सुरू झालेली युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची ‘युनिट 64’ ही योजना मध्यमवर्गाला सरकारी ठेवीइतकी पक्की वाटे. तिची खरेदी-विक्रीची किंमत संस्था स्वतः ठरवत असे आणि प्रत्यक्ष मालमत्तेप्रमाणे एका युनिटचे मोल किती होते, हे कित्येक वर्षे जाहीरच होत नव्हते. 2001 च्या जुलैत खरेदी-विक्री थांबवली गेली, तेव्हा लाखो घरांत हाय खाल्ली गेली. तिथे मूळ कागद पाहायला मिळतच नव्हता. आज म्युच्युअल फंडाचे निव्वळ मालमत्ता मूल्य रोज जाहीर होते, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही फुकट उघडता येतो, आणि तरी तुझे मित्र तो न उघडता ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, पैसे लावतात, याचा मला राग येतो. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदे-ऑप्शन बाजारात उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेल्याचे आणि त्यांचा एकूण तोटा ₹1.8 लाख कोटींहून अधिक असल्याचे म्हटले आहे. हा आकडाही माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नकोस; तो अभ्यास सेबीच्या संकेतस्थळावर आहे, वाच.

आता व्यवहाराचे थोडक्यात. पैसे भरून मिळते ती इंटर्नशिप नव्हे, तो शिकवणी वर्ग. शिकवणी चांगली असली तर जरूर लाव, पण तिला अनुभव म्हणू नकोस. केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली, तेव्हा 21 ते 24 वयाच्या मुलांना बारा महिन्यांसाठी महिना ₹5,000 आणि सुरुवातीला एकरकमी ₹6,000 असे तिचे स्वरूप होते. तिच्या अटी आता काय आहेत ते तूच पाहून घे, आणि तिथेही काम कोणते, कागद कोणते, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नकोस. कर्नाटक सरकारच्या ‘युवा निधी’ या बेरोजगार भत्त्याचे पदवीधराला महिना ₹3,000 मिळतात म्हणून घरी बसण्याचा विचार तुझ्या मनात आला असेल तर तो मी वाचलाच नाही असे समज. संशोधन विश्लेषकाचे काम पुढे करायचे असेल तर राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची त्या विषयाची परीक्षा, म्हणजे मालिका पंधरा, कधी ना कधी द्यावीच लागेल. या सहा महिन्यांत संध्याकाळी अभ्यास करून ती देता येईल. सनदी लेखापाल व्हायचे असे मनाशी ठरलेच तर त्यासाठीची आर्टिकलशिप, म्हणजे लेखापालाच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची झाली आहे, पण तो निर्णय आज घाईने घेऊ नकोस. एक्सेल येते असे तू लिहिले आहेस. येत असेल. पण ज्या चौकटीत आकडा भरलास त्याच्या शेजारी तो कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावरून घेतला हे लिहिण्याची सवय लावली आहेस का? ती नसेल तर तुझे एक्सेल अजून यायचे आहे.

‘बेळगावात राहिलो तर मुंबई कायमची हुकेल’ हे तुझे वाक्य मला पटत नाही, तरी त्यातली भीती समजते. मुंबईला आणि पुण्याला जायचेच आहेस, लवकरच जाशील. मुलाखतीत समोरचा विचारील की तू काय केलेस. त्या वेळी प्रमाणपत्रावरचे नाव घ्यायला एक क्षण लागतो आणि मग बोलणे संपते. एका पतसंस्थेत नवी-जुनी कर्जे कशी सापडली, हे तू सांगू लागलास की तोच खुर्ची पुढे ओढून ऐकेल.

तर त्या कचेरीत सोमवारी जा आणि हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी स्पष्ट विचार: कर्जाच्या फायली मला स्वतःला तपासायला मिळतील का, आणि माझ्या टिपणावर कोणी वरिष्ठ लाल शाईने लिहून देईल का. नुसत्या जीएसटीच्या नोंदी भरायला बसवणार असतील तर नकार देऊन निघून ये, मी दुसरे दार ठोठावते; या शहरात माझे अजून काही जण ऐकतात. मानधनाचा आणि कालावधीचा कागद लेखी घे. आणि तोवर रिकामा बसू नकोस. एका साखर कंपनीचा मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल उतरवून घे, सुरुवातीची अध्यक्षांची छायाचित्रे आणि मनोगत ओलांडून थेट टिपांवर ये, आणि व्यापारी देणी, अल्पमुदतीची कर्जे व संभाव्य देणी या तीन टिपांवर मला एका पानाचे टिपण हाताने लिहून पाठव. प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक हवा. नसेल तर मी वाचणार नाही.

तुझी,
मावशी
टिळकवाडी, बेळगाव