शिकवायचं आपण, न्यायचं दुसऱ्यानं?

प्रश्न : माझं छोटं मशीन शॉप आहे. लेथवरच्या एका हुशार मुलाला मी स्वखर्चानं सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग शिकायला पाठवलं. शिकून आला आणि थोड्याच दिवसांत एका मोठ्या कारखान्यानं त्याला उचलला. आता दुसऱ्याला पाठवायचा धीर होत नाही. कामावर असलेल्यांना नवीन शिकवायचा खर्च सरकारनं उचलावा, असं सगळे म्हणतात. पण पैसे द्यायचे कोणाच्या हातात, मालकाच्या की कामगाराच्या? – एक वर्कशॉपवाले

उत्तर : राग समजतो, पण तो त्या मुलावर काढू नका. जास्त पगार समोर आला, तो गेला. त्याच्या जागी तुम्हीही गेला असतात.

तुमच्या एखाद्या जुन्या मशीनच्या लहरी सांभाळायला तुम्ही कोणाला शिकवलंत, तर ती विद्या घेऊन तो जाणार कुठे? ती बाहेर विकली जात नाही, म्हणून मालक तिच्यावर बिनधास्त खर्च करतो. सीएनसी मात्र कुठेही चालतं. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकात हाच फरक मांडला. त्यांच्या हिशेबानं, सगळीकडे चालणाऱ्या कौशल्याचा खर्च कामगारच उचलतो, शिकण्याच्या काळात कमी पगार घेऊन. कागदावर बरोबर आहे. पण घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला जरा ‘काही महिने कमी पगार घे’ म्हणून पाहा! मालक हात आखडतो, कामगाराला परवडत नाही आणि शिकणं राहून जातं. सरकारनं मध्ये पडावं ते याच जागी.

मालकामार्फत पैसा द्यायचा जुना मार्ग म्हणजे लेव्ही. ब्रिटननं १९६४ साली कायदा करून उद्योगांकडून वर्गणी घेतली आणि जो शिकवेल त्याला त्यातून अनुदान दिलं. न शिकवता दुसऱ्याची माणसं पळवणाऱ्यालाही वर्गणी भरावीच लागते, म्हणून तुम्हाला ही कल्पना आवडेल. मलाही आवडते. फक्त अर्ज भरायला स्वतंत्र माणूस ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्या अशा पैशाचा फायदा आधी उठवतात. तिथेच २०१७ मध्ये वर्षाला ३० लाख पौंडांवरच्या पगारखर्चावर अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊ उमेदवारांसाठीची वर्गणी, आली. त्या पैशातून आधीच नोकरीत असलेल्या मॅनेजर मंडळींचे एमबीएसारखे अभ्यासक्रमही झाले. कायद्यात बसत होतं ते. पण तुमच्या लेथवरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मग थेट कामगाराच्या नावावर खातं उघडावं का? इंग्लंडमध्ये २००० साली अशी खाती निघाली. पहिल्या दहा लाख लोकांना १५० पौंड, स्वतःचे फक्त २५ घालायचे. क्लास चालवणाऱ्यांची नीट तपासणी नव्हती. बोगस संस्थांनी असा हात मारला की २००१ च्या नोव्हेंबरात योजनाच बंद करावी लागली. फ्रान्समध्ये असं खातं टिकलं आहे. तिथे वर्षाला साधारण ५०० युरो जमतात, कमाल ५,०००, आणि नोकरी बदलली तरी खातं माणसाबरोबर जातं. पण तिथेही फोन करकरून कोर्स गळ्यात मारणारे इतके झाले की २०२२ च्या अखेरीस त्या फोनबाजीवर कायद्यानं बंदी घालावी लागली. सिंगापूरनं २५ वर्षांवरच्या नागरिकांना शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलरचं क्रेडिट दिलं आणि २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांसाठी आणखी ४,००० डॉलर. मला ही दुसरी रक्कम महत्त्वाची वाटते, कारण पन्नाशीच्या माणसाला ‘आता काय शिकतोस’ म्हणणाऱ्यांत त्याचा मालकही असतो आणि तो स्वतःही.

तरीही एक गोष्ट या खात्यांतून सुटते. फीचे पैसे मिळाले म्हणून शिफ्ट संपवून घरी आलेल्या माणसाला वेळ मिळत नाही. आणि तुमच्याकडे मोजकी माणसं. त्यातला एक वर्गात बसला तर त्याचं मशीन बंद. तुमचा खरा खर्च तोच आहे, फी नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिक्षणासाठी पगारी रजेचा करार १९७४ सालीच केला होता, म्हणजे हे काही नवं ज्ञान नाही. जर्मनीनं २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यात मला पटलेली तजवीज केली : कारखाना जितका लहान, तितका सरकारचा वाटा मोठा. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील, तर मोठ्या कोर्सची पूर्ण फी आणि कामगार वर्गात असतानाच्या पगाराचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग सरकार देऊ शकत होतं; २०२४ मध्ये ही मर्यादा पन्नासपेक्षा कमी माणसांपर्यंत वाढवली.

तर माझं उत्तर असं : फी कामगाराच्या खात्यावर, आणि तो मशीनवर नसलेल्या तासांचा पगार तुमच्यासारख्या लहान मालकाला. मोठ्या कारखान्याला मी यातलं फारसं काही देणार नाही. तो तसाही शिकवतो, किंवा तुमच्याकडून शिकलेला उचलतो.

तोवर दुसऱ्या माणसाला पाठवायचं असेल, तर बाँड लिहून घ्यायच्या फंदात पडू नका. नाखुशीनं थांबलेला प्रोग्रॅमर मशीनवरचं काम बिघडवतो. त्याऐवजी, शिकून आल्यावर पगार किती वाढेल आणि कोणत्या महिन्यापासून, हे त्याला जाण्याआधी लिहून द्या. पहिल्याला असं काही दिलं होतंत का, तेवढं पत्रात राहून गेलं आहे.