कथा पाठवा, आणि मेलमध्येच मुदत घाला

ताई, दिवाळी अंकासाठीचा मेल लिहून होतो, पण तो ड्राफ्टमध्येच पडून राहतो. संपादकांना फोन लावायचा धीर होत नाही. आणि कथा छापून आलीच तर सासरची माणसं स्वतःला ओळखतील, असं तुम्ही लिहिलंय. या सगळ्यातून मी गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शुद्धलेखन, पुनर्लेखन वगैरे सोडून देतो, ते तुमचं झालेलं दिसतंय.

मला नकाराने कधी फारसं नुकसान झालं नाही. वाईट वाटतं, पण कथा मोकळी होते, दुसरीकडे पाठवता येते. नुकसान केलं ते एका अंकाच्या कार्यालयाने. नाव घेत नाही. टाळेबंदीत गावी परतलेल्या एका कुटुंबावरची कथा जूनमध्ये पाठवली. पोच आली नाही. ऑगस्टमध्ये फोन केला, तर "साहेब वाचतायत". गणपतीनंतर केला, तर "बहुतेक घेतोय, दुसरीकडे देऊ नका". अंक आला, त्यात कथा नाही. विचारलं, तर "पानं कमी पडली, पुढच्या वर्षी नक्की". पुढच्या वर्षीही तेच. शेवटी दुसऱ्या संपादकांकडे पाठवली तेव्हा ते म्हणाले, कथा चांगली आहे, पण या विषयावर आता खूप येऊन गेलंय. "नको" एवढा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो? नव्या लेखकाला ताटकळत ठेवणं हा अपमान आहे, असं मी आजही मानतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही परंपरा. तिच्यात लेखकाला पोच देण्याची रीत तरी पक्की हवी होती.

म्हणून मेलमध्ये शेवटचं वाक्य स्पष्ट लिहा: "१५ ऑगस्टपर्यंत आपला निर्णय कळला नाही तर ही कथा अन्यत्र पाठवायला मी मोकळी आहे, असे समजेन." नम्र आहे, कुणाला राग यायचं कारण नाही. ज्यांना येईल त्यांच्याकडे कथा न गेलेलीच बरी. या एका वाक्याने फोन करण्याची भीतीही बरीचशी जाते, कारण विनवणी करायची वेळच येत नाही. साहित्य साधारण जून-जुलैत मागवतात, प्रत्येक अंकाची तारीख वेगळी असते, ती आधी बघून घ्या.

कथा चोरीला जाईल ही शंका बऱ्याच जणांना असते. मी वकील नाही, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतःहून लिहिलेल्या कथेचा पहिला हक्क लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीने द्यावे लागतात. तेव्हा "सर्व हक्क आमचे" असा कागद आला तर वाचल्याशिवाय सही करू नका. पाठवलेला मेल जपून ठेवा.

सासरच्यांचं म्हणाल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. माणसं स्वतःला ओळखतात ती बोलण्याच्या लकबीवरून आणि घरातल्या एखाद्या प्रसंगावरून. सासूबाईंचा व्यवसाय, गाव, मुलांची संख्या बदला, आणि सगळ्यांना ठाऊक असलेला एखादा प्रसंग असेल तर तोच काढून दुसरा रचा. माझ्या अनुभवात अशाने कथा सुधारते. तुमच्या घरचं वातावरण मात्र तुम्हालाच माहीत. टोपणनावाला माझा विरोध नाही, पण आधी हे करून बघा.

"सहभाग शुल्क" भरून प्रातिनिधिक संग्रहात कथा घेतो म्हणणारे भेटतील. माझ्या मते एक पैसाही देऊ नका.

आणखी एक. फाइल युनिकोडमध्ये पाठवा, सोबत पीडीएफ जोडा. अंकाची मांडणी जुन्या फॉन्टमध्ये होत असेल तर रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, मग मुद्रितशोधकाला मूळ मजकूर पीडीएफवरून ताडून बघता येतो. कुठे पाठवायचं हे ठरत नसेल तर जवळच्या वाचनालयातून गेल्या वर्षीचे चार-पाच अंक आणा. तुमच्या कथेच्या जातीची कथा ज्यात असेल, त्या अंकाच्या सुरुवातीच्या पानावर संपादकीय पत्ता आणि मेल मिळेल.