नोकरी सोडून पूर्ण वेळ रुग्णसेवा: राजीनाम्याआधीचा हिशेब

प्रश्न : माझे वय ५३ असून मी ठाण्यात राहते. एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात २२ वर्षे नोकरी करत आहे. मूळ पगार ४५ हजार असून हातात ९२ हजार येतात. यजमान ५८ वर्षांचे आहेत, त्यांचा छोटा व्यवसाय आहे, त्यातून महिना सरासरी ३० हजार मिळतात आणि त्यांना मधुमेह आहे. मुलाच्या अभियांत्रिकीची दोन वर्षे राहिली असून वर्षाची फी २.४० लाख आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. घरकर्ज फिटले आहे आणि घरखर्च ५० हजारांत भागतो. पीएफ २४ लाख, म्युच्युअल फंड ३८ लाख आणि मुदत ठेवी १८ लाख आहेत. आरोग्यविमा फक्त कंपनीचा, ५ लाखांचा. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांसाठी परळजवळ एका संस्थेचे निवासस्थान आहे, तिथे मी दोन वर्षे दर शनिवारी जाते. आता राजीनामा देऊन तिथेच पूर्ण वेळ विनामोबदला काम करावे आणि ठेवीतले ५ लाख रुपये संस्थेला द्यावेत, असे मनात आहे. यजमान म्हणतात, तुझे मन जिथे आहे तिथे जा. हा निर्णय चुकेल का?

उत्तर : राजीनामा आत्ता देऊ नका आणि ५ लाखांची ठेवही मोडू नका. तुम्ही निवडलेल्या कामाबद्दल माझ्या मनात शंका नाही, आक्षेप आहे तो केवळ वेळेबद्दल. परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बिहार, बंगाल, आसामपासून आपल्या मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे मुलांना घेऊन येतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो आणि त्यातले सुरुवातीचे बरेच महिने रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. औषधांची सोय होते, पण मुंबईत राहायचे कुठे हा प्रश्न सुटत नाही, म्हणून उपचार अर्धवट टाकून गावी परतणारी कुटुंबे असतात. जेरबाई वाडिया मार्गाच्या पदपथावर प्लास्टिक अंथरून, उशाशी रिपोर्टांची पिशवी घेऊन बसलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला या निवासस्थानांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन किंवा २००६ पासून मुलांसाठी मोफत निवास चालवणारी सेंट ज्यूड ही संस्था अशा गरजेतूनच उभी राहिली. तेव्हा तुम्हाला तिथे अधिक वेळ का द्यायचा आहे हे मला समजते. तुमच्या पत्रातला एक मुद्दाही मला पूर्ण पटतो. तुम्ही लिहिता की शनिवारी स्वयंसेवकांची गर्दी असते, पण मंगळवारी-बुधवारी, केमो घेऊन आलेले मूल आईला स्वयंपाकही करू देत नाही तेव्हा, त्याच्याशी लुडो खेळायला कोणीच नसते. म्हणजे कमतरता आहे ती कामाच्या वारी येणाऱ्या माणसाची. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण माझा सल्ला त्याच्यावरच उभा आहे.

आधी आकडे पाहू. आज राजीनामा दिलात तर तुमच्या ८० लाखांत सुमारे ५.७० लाखांच्या ग्रॅच्युइटीची भर पडेल आणि मुलाच्या फीचे ४.८० लाख त्यातून जातील. उरलेल्या सुमारे ८१ लाखांवर तुमचे पुढचे सगळे आयुष्य काढायचे आहे. मी परतावा ८ टक्के आणि महागाई ६ टक्के धरली आहे. यजमानांची मिळकत आहे तेवढीच राहील आणि ती त्यांच्या पासष्टीपर्यंत चालेल असे मानले आहे, आणि दोघांच्या नव्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला अंदाजे ६५ हजारांपासून सुरू होऊन वाढत जाईल असे धरले आहे. या गृहीतकांवर तुमच्या साठाव्या वर्षी पुंजी साधारण ९७ लाख असेल. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तोवर घरखर्च आणि विमा मिळून वर्षाला १० लाखांच्या पुढे गेलेले असतील आणि यजमानांची मिळकत थांबलेली असेल. ही पुंजी तुमच्या सत्तरीच्या आसपास संपते. पीएफबरोबर मिळणारे निवृत्तिवेतन दरमहा पाच हजारांच्या आतबाहेर असेल आणि ५८ वर्षांच्या आधी सुरू केले तर दर वर्षामागे ४ टक्के कपात होऊन तेही घटेल, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. तुम्ही ५८ वर्षांपर्यंत नोकरीत राहिलात आणि आत्ताप्रमाणे महिना ५० हजार शिल्लक टाकत गेलात, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीसह पुंजी सुमारे १.६६ कोटी होते आणि याच गृहीतकांवर ती तुमची ऐंशी ओलांडते. आज राजीनामा दिल्यास ५८ व्या वर्षी हातात असणारी रक्कम ९४ लाखांच्या घरात आहे. दोन्हींतला फरक सुमारे ७२ लाखांचा आहे. म्हणजे ५ लाख द्यावेत की नाही याचा तुम्ही पत्रात एवढा विचार केला आहे, पण राजीनाम्याच्या रूपाने त्याच्या चौदापटींहून मोठे दान तुम्ही एका कागदावर सही करून देणार आहात, आणि त्यातला एक रुपयाही संस्थेच्या खात्यात जमा होणार नाही.

यजमानांचे वाक्य मोठ्या मनाचे आहे. तरीही त्यांची गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे समोर ठेवून 'सरासरी ३० हजार' हा आकडा एकदा दोघांनी मिळून तपासा, असे मी सुचवेन. छोट्या व्यावसायिकांच्या घरी सरासरी बहुधा चांगल्या वर्षावरून सांगितली जाते, असा माझा अनुभव आहे.

पैशांहूनही मला जास्त काळजी वाटते ती आरोग्यविम्याची. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. ५८ वर्षांच्या मधुमेही माणसाला नवी पॉलिसी मिळते, पण आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विम्यातून न मिळण्याचा काळ, असू शकतो, आणि नेमकी तीच तीन वर्षे तुमचा पगार बंद असताना काढावी लागतील. कर्करोगाच्या रुग्णांत दोन वर्षे वावरलेल्या व्यक्तीला आजारपणाचा खर्च मी समजावून सांगणे बरे दिसत नाही, पण सेवेच्या भरात आपले घर मात्र आजारी पडणार नाही असे गृहीत धरणारी बरीच पत्रे माझ्याकडे येतात. म्हणून पहिली गोष्ट ही करा की नोकरी चालू असतानाच, याच महिन्यात, दोघांसाठी किमान १० लाखांची स्वतंत्र पॉलिसी घ्या आणि मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. प्रतीक्षाकाळ गट विम्याच्या छत्राखाली निघून जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भारही कमी झाला आहे. सासूबाईंसाठी या वयात खासगी विमा शोधत बसू नका. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि योजनेशी संलग्न रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. तुमच्या घराजवळचे कोणते रुग्णालय त्या यादीत आहे, हे कार्ड काढतानाच पाहून ठेवा.

५ लाखांच्या देणगीबद्दल थोडक्यात सांगतो. तुमच्या पगारपत्रकावरून तुम्ही नव्या करप्रणालीत आहात असे दिसते, आणि तिथे ८०जी या नावाने ओळखली जाणारी देणगीची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत ती बहुतेक धर्मादाय संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मीच असते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि २ हजारांवरच्या रोख देणगीला तर ती नाहीच. केवळ वजावटीसाठी जुन्या प्रणालीत जाणे तुम्हाला तोट्याचे पडेल. करसवलत मिळत नाही म्हणून दान करू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. हे ५ लाख तुमच्या साठीपर्यंत साडेआठ लाख होतात आणि तेव्हाच्या दहा महिन्यांच्या घरखर्चाला पुरतात, म्हणून ते एकरकमी देऊ नयेत, एवढेच. त्याऐवजी पगारातून दरमहा ३ हजार रुपये बँकेतून थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. भाडे, दूध, स्वयंपाकाचा गॅस असे खर्च संस्थेला दर महिन्याला येतात, त्यामुळे ठरलेल्या तारखेला येणारी छोटी रक्कम त्यांच्या नियोजनाला उपयोगी पडते. आणखी एक सांगावेसे वाटते. एखाद्या आईच्या हातात परस्पर पैसे ठेवण्याचा मोह होतो, पण तो आवरा. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाकडे प्रत्येक कुटुंबाला कुठून किती मदत मिळाली याची नोंद असते, तिथूनच मदत जाऊ द्या. नाही तर शेजारच्या खोलीतल्या आईला काय सांगायचे, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी तुमच्यापुढे उभा राहील.

आता कामाच्या वाराचा मुद्दा. पत्रात तुम्ही उल्लेखही केलेला नाही, पण सोबत जोडलेल्या पगारपत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'शिल्लक रजा ७४' असे छापले आहे, आणि दर वर्षी २४ रजा जमा होताना दिसतात. दर बुधवारी एक रजा घेतलीत, तर सणवार वगळून वर्षाला साधारण ४८ बुधवार होतात. पहिल्या वर्षाअखेर ५० रजा उरतील, दुसऱ्या वर्षाअखेर २६. म्हणजे घरच्या अडीअडचणींसाठी वीसेक रजा राखूनही पूर्ण दोन वर्षे तुम्ही दर आठवड्याला एक कामाचा दिवस त्या मुलांना देऊ शकता, पगाराला हात न लावता. या रजांचे पैसे नोकरी सोडताना मिळणार असतील, तर मूळ पगाराच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ८० हजारांवर पाणी सोडावे लागेल. सलग आठवड्यांच्या रजेला वरिष्ठ कुरकुर करतील, मार्चअखेरीस तर नक्कीच. त्या महिन्यात बुधवार सोडून द्या आणि उरलेल्या अकरा महिन्यांसाठी आग्रह धरा.

दोन वर्षांनी तुम्ही ५५ च्या व्हाल, फी संपलेली असेल आणि मुलगा कमावता झाला असेल. तेव्हा कंपनीपुढे आठवड्याला चार दिवस काम आणि त्या प्रमाणात कमी पगार असा प्रस्ताव ठेवा. हातातले साधारण १८ हजार कमी होतील. कायम कर्मचाऱ्यांच्या पटावरील नाव, पीएफ आणि गट विमा चालू राहील, हे मात्र लेखी घ्या, कारण काही कंपन्या अशा वेळी माणसाला कंत्राटावर घेतात आणि मग सगळे गणित बिघडते. तीन वर्षांचा हा कमी पगार आणि आधीच्या रजांचे पैसे मिळून ५८ व्या वर्षी तुमची पुंजी सुमारे ९ लाखांनी कमी असेल. ७२ लाखांऐवजी ९ लाखांत तुम्हाला पाच वर्षांचे बुधवार मिळतात, शनिवार तर आहेतच. कंपनीने नकार दिला, तरी ५५ नंतर निवृत्त होणे आजच्यापेक्षा बरे. निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवण्याची मुभा ५५ ते ६० वयातल्या निवृत्तांना आहे. या योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. ५३ व्या वर्षी राजीनामा दिल्यास तो मार्ग साठीपर्यंत बंद राहतो.

तुम्ही लेखा विभागातल्या आहात, हे संस्थेला माहीत आहे का? देणगीदारांची वार्षिक विवरणपत्रे, पावत्यांची जुळणी, लेखापरीक्षणाची तयारी या कामांत छोट्या संस्था दर मे महिन्यात घायकुतीला येतात. दिवसभर आकडे केल्यावर तिथेही आकडेच का, असे तुम्ही म्हणाल आणि ते रास्त आहे. लुडो सोडून हिशेबाला बसा असे मी सांगत नाही. पण पूर्ण वेळ देता न आल्याची खंत वाटत असेल, तर महिन्यातून दोन संध्याकाळी घरबसल्या हे काम करून ती भरून काढता येईल, आणि त्यासाठी ठाणे ते परळ प्रवासही नाही.

एका वर्षानंतर सगळे आकडे पुन्हा मांडा. तेव्हा यजमानांची मिळकत काय आहे, नव्या पॉलिसीचा हप्ता किती वाढला आणि प्रत्यक्षात किती बुधवार जमले, हे कळवा, म्हणजे चार दिवसांच्या नोकरीचा प्रस्ताव आधी आणता येतो का ते पाहू. वार ठरवण्यापूर्वी संस्थेच्या समन्वयकांना विचारा, कारण त्यांच्याकडे बुधवारपेक्षा गुरुवारी माणूस कमी पडत असेल तर गुरुवार घ्या. आणि रजा मंजूर झालेल्या दिवशी नेमकी सर्दी झाली, तर तिकडे न जाता घरीच थांबा. केमो चालू असलेल्या मुलाला ती सर्दी कुठे नेईल हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि एक रजा वाया गेल्याने वरच्या हिशेबात काही फरक पडत नाही.